शेवटच्या दोन गोळ्या आणि दहा रात्रींची पोकळी

गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं की निम्मं निदान तिथेच होतं. या प्रकरणातल्या पाकिटाच्या तिसऱ्या ओळीच्या टोकाला दोन पांढऱ्या गोळ्या तशाच होत्या, आणि त्यांच्या खालची तपकिरी ओळ पूर्ण रिकामी. सातच्या सात लोहाच्या गोळ्या नेमाने घेतलेल्या. घोळ काय झाला ते एवढ्यावरून कळतं. गंमत अशी की जिचं हे पाकीट, तिला मात्र आपण बरीच काळजी घेतली असं वाटत होतं.

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका एकत्र करून ते जुळवलं आहे. तारखांऐवजी वार दिले आहेत, म्हणजे वाचताना बोटांवर मोजता येईल.

काय घडलं

वय २६. दीड वर्षापासून मिश्र गर्भनिरोधक गोळ्या चालू: ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेन) आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन). पाकीट २८ गोळ्यांचं, त्यात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. वेळ रोज रात्री साडेनऊची. वजन ५८ किलो. धूम्रपान नाही, रक्तदाब नाही, डोळ्यांसमोर चमका येऊन उठणारी अर्धशिशी नाही. दुसरी कुठलीही औषधं नाहीत.

रविवारी रात्री तिने १९वी गोळी घेतली. सोमवारी प्रवास निघाला आणि पाकीट घरीच राहिलं. सोमवारची २०वी आणि मंगळवारची २१वी गोळी गेली. बुधवारी ती परतली. पाकिटावर छापलेल्या वाराप्रमाणे बुधवारपासून तपकिरी ओळ सुरू होत होती, म्हणून तिने तपकिरी गोळी घेतली. त्याच दिवशी रक्तस्राव सुरू झाला आणि रविवारपर्यंत चालला. पुढच्या मंगळवारी तपकिरी गोळ्या संपल्या. बुधवारी नवं पाकीट सुरू व्हायला हवं होतं, पण ते आणायचं राहून गेलं. नव्या पाकिटातली पहिली गोळी गुरुवारी रात्री पोटात गेली.

कंडोमशिवाय संबंध दोनदा आले. एकदा रक्तस्राव थांबला त्या रविवारी रात्री अकराच्या सुमारास, आणि दुसऱ्यांदा बुधवारी रात्री, साधारण त्याच वेळेला. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ती विचारायला आली.

तिचा प्रश्न होता: "तीनच गोळ्या चुकल्या, त्याही सलग नाहीत. पाळीही येऊन गेली. मग काळजीचं काही नाही ना?"

या प्रश्नात तीन समज आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत. पण तिला दोष देता येत नाही, कारण पाकिटाची रचनाच असे समज करून देणारी आहे.

गोळ्या मोजू नका, रिकाम्या रात्री मोजा

"किती गोळ्या चुकल्या?" हा प्रश्न आधी विचारला की हमखास वाट चुकते. विचारायचं ते असं: शेवटची हार्मोनची गोळी कधी घेतली, आणि त्यानंतरची हार्मोनची गोळी कधी? या दोन्हींमधल्या रिकाम्या रात्री मोजायच्या. तपकिरी गोळी त्या हिशेबात धरायचीच नाही. तिच्यात लोह असतं, काही पाकिटांत तर नुसती साखर असते. रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये एवढ्यासाठीच ती ठेवलेली असते.

हिशेब असा. सोमवार, मंगळवार: २. बुधवार ते पुढचा मंगळवार, तपकिरी ओळीच्या: ७. मग राहून गेलेला बुधवार: १. एकूण १० रात्री हार्मोनशिवाय. पाकिटाच्या रचनेत सवड आहे ७ रात्रींची.

तिच्या मते चुका दोन होत्या, एक छोटी प्रवासातली आणि एक त्याहून छोटी पाकीट आणण्यातली. शरीराच्या दृष्टीने ती एकच लांबलचक सुट्टी होती.

या सात रात्रींचं एवढं महत्त्व का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. गोळी चालू असताना मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी शांत असते. बीजकोशातल्या बीजपुटिका (स्त्रीबीज ज्यांत वाढतं त्या बारीक पिशव्या) वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, दाबलेलं राहतं. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांतच ते वर येऊ लागतं आणि बारीक पुटिका फुगायला लागतात. सातव्या रात्रीपर्यंत बऱ्याच जणींच्या बीजकोशात एखादी पुटिका १० मिलिमीटरच्या आसपास पोचलेली असते. इथे नव्या पाकिटाची पहिली गोळी पडली, तर ती पुटिका तिथेच थांबते आणि विरून जाते. गोळी पडली नाही, तर पुढे निघालेली पुटिका दिवसाला दीड ते दोन मिलिमीटरने वाढते. तीन जादा रात्री म्हणजे पाच-सहा मिलिमीटरची वाढ. पुटिका साधारण १८ ते २० मिलिमीटरची झाली की फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं, हाच बीजोत्सर्ग. अगदी त्या टप्प्याला पोचल्यावर गोळी पुन्हा सुरू केली, तरी बहुतेक वेळा पुटिका फुटायची ती फुटतेच.

म्हणजे सात रात्रींची सुट्टी ही आधीच कड्यापाशी नेणारी आहे. तिला पुढे एक रात्र जोडली तर सहसा निभतं. दोन किंवा अधिक जोडल्या की भरवसा संपतो. आणि ही सुट्टी दोन्ही टोकांनी वाढते, नव्या पाकिटाच्या सुरुवातीला उशीर करून आणि जुन्या पाकिटाच्या शेवटच्या गोळ्या चुकवून. पहिलं टोक सगळ्यांना कळतं. दुसरं लक्षातच येत नाही, कारण "तशाही आता पाळीच्या गोळ्या येणार होत्या" असं वाटतं.

येऊन गेली ती पाळी नव्हतीच

बुधवारी सुरू झालेला रक्तस्राव हे तिच्या निर्धास्तपणाचं मोठं कारण होतं. पण गोळ्यांवर असताना दर महिन्याला जे रक्त जातं, ते हार्मोन अचानक थांबल्यामुळे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा आधार सुटतो आणि ते ओघळतं. त्यातून बीजोत्सर्ग झाला की नाही हे कळत नाही. पुढे काय होणार हे तर मुळीच कळत नाही. तिचे दोन्ही संबंध रक्तस्रावाच्या शेवटी किंवा नंतर आलेले. आधीच्या रक्तस्रावाने त्यांची हमी कशी द्यावी?

जाता जाता सांगायला हवं, की सात दिवसांच्या या सुट्टीची गर्भनिरोधासाठी काहीच गरज नाही. १९६० साली अमेरिकेत पहिल्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, तेव्हापासून महिन्याचं चक्र नैसर्गिक वाटावं म्हणून ही रचना चालत आली आहे. गोळी चुकण्यातली सगळ्यात धोक्याची जागा या सुट्टीपाशीच तयार झाली. हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं असं आम्हांला मनापासून वाटतं.

मग दिवस राहण्याची शक्यता किती

नेमका एकच आकडा तिला देणं खोटेपणाचं ठरलं असतं, कारण त्या दहा रात्रींत पुटिका किती वाढली हे बाहेरून दिसत नाही. पण ढोबळ चित्र काढता येतं.

गोळी एकही न चुकवता घेणाऱ्या १०० जणींत वर्षभरात एकीलाही दिवस जात नाहीत, प्रमाण ०.३ टक्के. प्रत्यक्षात माणसं जशी घेतात, चुकत-माकत, तसं पाहिलं तर वर्षाला १०० पैकी ७ ते ९ जणींना जातात. यातला बराच फरक अशा सुट्ट्यांतून येतो. दुसऱ्या बाजूला, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांची नोंद ठेवली होती. त्यात बीजोत्सर्गाच्या दिवशी आलेल्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता साधारण ३३ टक्के आणि पाच दिवस आधीच्या संबंधातून साधारण १० टक्के आढळली. बीजोत्सर्गानंतरच्या संबंधातून जवळपास शून्य.

हिची जागा या दोन टोकांच्या मधली. दहा रात्रींच्या सुट्टीतही बहुतेकींना बीजोत्सर्ग होत नाही, ही जमेची बाजू. ज्या थोड्यांना होतो, त्यांच्यासाठी मात्र तिच्या संबंधांची वेळ वाईट होती. पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत तग धरतं. रविवारचं शुक्रवार रात्रीपर्यंत, बुधवारचं पुढच्या सोमवार रात्रीपर्यंत. स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण आधीच कुणी वाट पाहत बसलेलं असेल तर तेवढे तास पुरतात. म्हणजे शुक्रवारी ती समोर बसली होती तेव्हा धोका होऊन गेलेला नव्हता, चालू होता. म्हणूनच काहीतरी करता येत होतं.

शुक्रवारी संध्याकाळचे पर्याय

रविवारच्या संबंधाला तोवर ११५ तास झाले होते आणि बुधवारच्या संबंधाला ४३. पर्याय ठरवताना हे दोन आकडे समोर ठेवावे लागतात, आणि गुरुवारी रात्री तिने हार्मोनची एक गोळी घेतली आहे ही गोष्टही.

सगळ्यात खात्रीचा पर्याय म्हणजे तांबी, कॉपर-टी. असुरक्षित संबंधानंतर १२० तासांच्या आत बसवली तर हजारात एखादीलाच दिवस जातात, आणि पुढची काही वर्षं गोळी आठवायची गरजही उरत नाही. रविवारपासून मोजलं तर हातात पाच तास होते. बीजोत्सर्गाचा अंदाज बांधून डॉक्टर थोडी जास्त सवड देऊ शकतात, पण त्या भरवशावर थांबू नये. तिला हा पर्याय सगळ्यात आधी आणि स्पष्ट सांगितला. तिने नको म्हटलं. तो निर्णय तिचा.

दुसरा पर्याय ३० मिलिग्रॅम युलिप्रिस्टाल, संबंधानंतर घ्यायची एक गोळी. १२० तासांपर्यंत चालतं आणि पुटिका बरीच वाढलेली असली तरी बीजोत्सर्ग पुढे ढकलू शकतं. एरवी हिच्यासाठी हेच सुचवलं असतं. पण आधीच्या सात दिवसांत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन पोटात गेलं असेल तर याचा परिणाम कमी होऊ शकतो. शिवाय ते घेतल्यावर नेहमीची गोळी पाच दिवस थांबवावी लागते, म्हणजे सुट्टी आणखी लांबते. तिने गुरुवारी गोळी घेतली होती.

उरलं लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी, जिला सगळे इमर्जन्सी गोळी म्हणतात. तिच्या रोजच्या गोळीत हेच औषध १५० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे हा डोस रोजच्या दसपट. ७२ तासांच्या आत घ्यावी, जितकी लवकर तितकी बरी. बुधवारच्या संबंधासाठी ती वेळेत होती, रविवारच्या संबंधासाठी नव्हती. तिची मर्यादाही सांगायलाच हवी: पुटिका फुटण्याचा इशारा देणारं एलएच संप्रेरक उसळी घेऊ लागलं, की या गोळीचा उपयोग होत नाही. राहिलेला गर्भही ती पाडत नाही. वजन ७० किलोंच्या वर असेल किंवा यकृताचं काम वेगवान करणारी औषधं चालू असतील (रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन), तर दोन गोळ्या, म्हणजे ३ मिलिग्रॅम द्याव्या लागतात. हिला एक पुरेशी होती. साध्या अँटिबायोटिकने गोळीचा असर जातो ही समजूत मात्र मनातून काढून टाकावी. जातो तो उलटी-जुलाबांनी.

तिने सहा वाजून वीस मिनिटांनी ती गोळी घेतली. तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची, असं सांगून ठेवलं. उलटी झाली नाही.

त्या रात्रीपासून पुढे

रोजची गोळी थांबवायची नाही. त्याच रात्री साडेनऊला नव्या पाकिटातली दुसरी गोळी. इमर्जन्सी गोळी घेतली म्हणून "आता पुढची पाळी आल्यावर नवं पाकीट" असं ठरवणाऱ्या पुष्कळ जणी असतात, आणि त्यातल्या काहींना त्याच आठवड्यात खरोखर दिवस जातात. ढकललेला बीजोत्सर्ग काही दिवसांनी होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सलग सात हार्मोनच्या गोळ्या पोटात जाईपर्यंत कंडोम किंवा संबंध नाहीत. पियुषिका ग्रंथी पुन्हा शांत व्हायला सात लागतात. गुरुवारची पहिली, म्हणजे पुढच्या बुधवारची सातवी. बुधवार रात्र धरून कंडोम.

मधेच थोडं रक्त जाऊ शकतं, मळमळ होऊ शकते, छाती दुखरी होऊ शकते. या लक्षणांवरून दिवस राहिले किंवा राहिले नाहीत, यांपैकी काहीही ठरवायचं नाही.

आणि टेस्ट. ती शनिवारी सकाळीच करणार होती. तो पैसा आणि ती रात्र दोन्ही वाया गेली असती. गर्भ राहायचा तर पुरुषबीज पाच दिवस वाट पाहू शकतं, मग फलित बीज गर्भाशयात रुजायला सहा ते बारा दिवस, आणि त्यानंतर एचसीजी (गर्भ रुजल्यावर तयार होणारं, टेस्टमध्ये दिसणारं संप्रेरक) लघवीत दिसण्याइतकं वाढायला आणखी काही दिवस. बेरीज एकवीसच्या आसपास जाते. म्हणून शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस पूर्ण झाल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट. तिच्या बाबतीत बुधवारी रात्री २१ दिवस भरत होते. टेस्ट गुरुवारी सकाळी. त्याच रात्री तपकिरी ओळ सुरू होणार होती, त्यामुळे रक्तस्राव येतो का, थोडा येतो का, यावर डोकं शिणवायच्या आतच उत्तर मिळालं: एकच रेघ. गर्भ नाही.

दोन रेघा आल्या असत्या तर गोळ्या बंद करून डॉक्टरांकडे जायचं होतं. तोवर घेतलेल्या गोळ्यांनी गर्भात व्यंग येतं असं आढळलेलं नाही, त्यामुळे त्या भीतीने घाईचा निर्णय घ्यायचा नसतो. मधल्या काळात ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखणं, खांद्याच्या टोकाशी कळ किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर मात्र टेस्टची वाट न पाहता तातडीने दवाखाना. गर्भ नळीत रुजल्याची ती लक्षणं असू शकतात.

बुधवारीच सुटला असता हा गुंता

प्रवासातून परतली त्या बुधवारी संध्याकाळी दोन रस्ते मोकळे होते आणि दोन्ही सोपे होते. एक: राहिलेल्यांपैकी एक पांढरी गोळी ताबडतोब घ्यायची, तपकिरी ओळ सरळ फेकून द्यायची, आणि त्याच रात्री नेहमीच्या वेळेला नवं पाकीट सुरू करायचं. त्या महिन्यात रक्तस्राव येणार नाही किंवा थोडे डाग पडतील. त्याने काही बिघडत नाही. सात गोळ्या होईपर्यंत कंडोम. दोन: चुकलेला सोमवार हीच सुट्टीची पहिली रात्र धरायची, सात रात्री मोजायच्या आणि पुढच्या सोमवारी नवं पाकीट सुरू करायचं, तपकिरी गोळ्या कितीही उरल्या तरी. आधीचे १९ दिवस गोळ्या नीट गेलेल्या असल्यामुळे या रस्त्याने गेली असती, तर रविवारच्या संबंधाची चिंताच उरली नसती. पाकिटावरच्या वारापेक्षा ही मोजणी मोठी.

याच दोन गोळ्या दुसऱ्या आठवड्यात, समजा १०व्या-११व्या दिवशी चुकल्या असत्या, आणि त्याआधीच्या सात नीट घेतलेल्या असत्या, तर इमर्जन्सी गोळीची गरज नव्हती. आठवल्याबरोबर शेवटची चुकलेली घ्यायची, आधीची सोडून द्यायची, त्या दिवसाची वेळेवर घ्यायची (एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतं), आणि सात दिवस कंडोम. पहिल्या आठवड्यात चुकल्या असत्या तर आजच्यासारखीच धावपळ झाली असती. एकच गोळी चुकली, ४८ तास उलटले नाहीत, तर कुठल्याही आठवड्यात ती घेऊन पुढे चालायचं, एवढंच. सातांहून जास्त चुकल्या असतील तर मात्र नव्याने सुरुवात, टेस्टसकट.

हे सगळं फक्त मिश्र गोळीचं. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीला, जी अंगावर पाजणाऱ्यांना देतात, सवड फार कमी असते: जुन्या प्रकारांत तीन तास, डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमच्या गोळीत बारा. त्यांच्यात गोळी चुकली तर कंडोम दोन दिवस पुरतो.

तिच्यासाठी पुढचा बदल एवढाच केला, की सुट्टी सातऐवजी चार रात्रींची. पाचव्या रात्री नवं पाकीट, उरलेल्या तीन तपकिरी कचऱ्यात. आता शेवटी किंवा सुरुवातीला दोन-तीन गोळ्या राहिल्या, तरी पोकळी सातांच्या आतच बसते. शिवाय पुढचं पाकीट आधीच्या पाकिटाची तिसरी ओळ सुरू झाली की आणून ठेवायचं, आणि एक पाकीट प्रवासाच्या पिशवीत कायमचं.